जीएम प्रॉडक्ट्सचा रिव्ह्यू: तब्येतीला नक्की काय मिळतं?

घाईत असाल तर आधी रेटिंग घ्या. जीएम, म्हणजे जीन बदललेल्या, जिवाणूंकडून बनवून घेतलेलं इन्सुलिन, ५ पैकी ५. बीटी मका ४. गोल्डन राइस पण ४, मात्र अटी आहेत, त्या खाली लिहिल्यात. हाय ओलेइक सोयाबीन तेल साडेतीन. तळताना कमी अ‍ॅक्रिलामाइड तयार करणारा बटाटा ३. जांभळा टोमॅटो २, आणि तो दिसायला इतका देखणा आहे की २ देताना खरंच वाईट वाटतंय. नुसत्या "जीएम" या शब्दाला मात्र मी एकही स्टार देणार नाही आणि कापणारही नाही, कारण ती एक पद्धत आहे, पिकाच्या किंवा जिवाणूच्या जीनमध्ये प्रयोगशाळेत ठरवून बदल करायची. त्या पद्धतीने बनलेली एक वस्तू माणसाचा जीव वाचवते आणि दुसरी फक्त कापलेलं सफरचंद काळं पडू देत नाही, आता दोघींना एकाच तराजूत टाकून "जीएम तब्येतीला चांगलं का वाईट" असं विचारलं तर सांगणारा काय सांगणार? जे सांगेल ते अर्धं चूकच निघणार.

माझ्याबद्दल एवढं माहीत असू द्या की मला टाइप वन डायबेटिस आहे आणि वर्षानुवर्षं रोज इन्सुलिन टोचून घेतेय, त्यामुळे पहिल्या प्रॉडक्टबद्दल लिहिणारी मी पक्की गिऱ्हाईक आहे. बाकीच्या वस्तूंच्या चवीबद्दल काही बोलणार नाही, चाचण्यांत काय दिसलं आणि सरकारी यंत्रणांनी काय मान्य केलं त्यावरून त्यांच्या आरोग्याच्या दाव्याला मार्क देतेय.

तर इन्सुलिन. पेनला नवीन सुई लावायची, दोन युनिट हवेत सोडून टोकावर थेंब येतोय ना ते बघायचं, डोस फिरवायचा, पोटाची चिमूट धरून सुई आत, बटण दाबून ठेवायचं, दहापर्यंत मोजायचं आणि मगच सुई बाहेर काढायची, नाहीतर अर्धं औषध कातडीवरच ओघळतं. थेंब पाण्यासारखा नितळ असतो. वास मात्र थेट दवाखान्याचा, तो इन्सुलिनचा नाही हं, त्यात घातलेल्या मेटाक्रेसॉल या प्रिझर्व्हेटिव्हचा असतो, आणि कधी पेन गळलं तर हात दोनदा धुतले तरी बोटांना तो वास राहतोच.

त्या थेंबात ५१ अमिनो आम्लांचं (प्रथिनाच्या विटाच त्या) एक छोटंसं प्रथिन असतं, २१ ची एक साखळी आणि ३० ची दुसरी. १९२१ मध्ये टोरांटोला बँटिंग आणि बेस्ट या संशोधकांनी ते स्वादुपिंडातून वेगळं काढलं आणि त्यानंतर साठ वर्षं जगभरातले डायबेटिक लोक डुकराच्या आणि गायीच्या इन्सुलिनवर जगले. एक पौंड, म्हणजे अर्ध्या किलोपेक्षाही थोडं कमी इन्सुलिन काढायला २३,००० हून जास्त जनावरांची स्वादुपिंडं लागायची. आता विचार करा, रुग्ण वाढत चालले आणि माल अवलंबून कशावर, तर कत्तलखान्यात किती जनावरं कापली गेली त्यावर! शिवाय डुकराचं इन्सुलिन माणसाच्या इन्सुलिनपेक्षा एका अमिनो आम्लाने वेगळं आणि गायीचं तीन अमिनो आम्लांनी, त्यात शुद्धता कमी, म्हणून काही लोकांना अ‍ॅलर्जी यायची, टोचायच्या जागी कातडीखालची चरबी झिजून खड्डे पडायचे.

१९७८ मध्ये जेनेनटेक कंपनी आणि सिटी ऑफ होप या संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी माणसाच्या इन्सुलिनचा जीन ई. कोलाय जिवाणूत बसवला आणि जिवाणूने ते प्रथिन बनवून दिलं. १९८२ मध्ये एफडीए या अमेरिकेच्या अन्न-औषध नियंत्रण संस्थेने एली लिली कंपनीच्या ह्युम्युलिन या इन्सुलिनला मान्यता दिली, जीन बदललेल्या जिवाणूकडून बनवून घेतलेलं बाजारात आलेलं हे पहिलं औषध. नंतर यीस्टकडूनही इन्सुलिन बनवायला लागले.

आता इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी, कारण जीएमच्या बाजूने बोलणारे ती गाळतात. चांगलं शुद्ध केलेलं डुकराचं इन्सुलिन आणि जीएम जिवाणूचं मानवी इन्सुलिन यांची नंतर रुग्णांवर तुलना झाली तेव्हा साखरेच्या कंट्रोलमध्ये म्हणावा असा फरक काही दिसला नाही. म्हणजे नुसतं "माणसासारखं" आहे म्हणून साखर जास्त चांगली राहिली असं झालं नाही. मग ५ पैकी ५ कशासाठी? एक तर हवा तेवढा माल कारखान्यात बनवता यायला लागला. आणि दुसरं, जे मला रोजच्या रोज जाणवतं, ते म्हणजे जीन हातात असल्यामुळे त्यात नेमका बदल करता आला. १९९६ साली लिस्प्रो नावाचं इन्सुलिन आलं, त्यात शेवटाकडच्या दोन अमिनो आम्लांची फक्त अदलाबदल केलीय, पण तेवढ्याने इन्सुलिनचे रेणू एकमेकांना चिकटून बसत नाहीत आणि टोचल्यावर पंधरा मिनिटांत काम सुरू होतं, पूर्वीसारखं अर्धा तास आधी टोचून मग घड्याळाकडे बघत बसायला नको. २००० साली ग्लार्जिन हे दुसरं इन्सुलिन आलं, ते कातडीखाली गेलं की त्याचे बारीक कण होतात आणि हळूहळू विरघळत जवळपास दिवसभर पुरतात, त्यामुळे मध्यरात्री साखर धाडकन खाली यायचं प्रमाण कमी झालं. ज्यांनी रात्री दोन वाजता घामाने भिजून, हात थरथरत साखरेचा डबा शोधलाय ना, त्यांना हा आरोग्यलाभ कुणी समजावून सांगायला नको.

याच पद्धतीची अजून दोन उदाहरणं माझ्या मते इन्सुलिनएवढीच मोठी आहेत पण त्यांचं नाव कुणी घेत नाही. वाढ खुंटलेल्या मुलांना पूर्वी जे ग्रोथ हॉर्मोन द्यायचे ते मृत माणसांच्या मेंदूतल्या पिट्यूटरी ग्रंथीतून काढलेलं असायचं, आणि त्यातून काही मुलांना क्रॉइट्झफेल्ड्ट-याकोब हा मेंदू पोखरणारा जीवघेणा आजार झाला. १९८५ साली हे लक्षात आलं, ते हॉर्मोन बंद केलं, आणि त्याच वर्षी जीएम जिवाणूंनी बनवलेल्याला मान्यता मिळाली. आणि हिपॅटायटिस बी ची लस १९८१ साली आली तेव्हा ती बाधित लोकांच्या रक्तातून बनवत होते, १९८६ पासून तिचं प्रथिन यीस्टमध्ये बनायला लागलं, आज जगभर बाळांना देतात ती हीच.

माझी आत्या पण इन्सुलिन घेते, दिवसातून दोनदा. टीव्हीवर काहीतरी बघून मला म्हणाली, "अगं, ते जीएम-बीएम आपल्याला नको हं, अंगात काय काय जाईल कुणाला माहीत." मी म्हटलं, "आत्या, तुझ्या इंजेक्शनच्या खोक्यावर काय छापलंय ते वाच जरा." तिने चष्मा लावून आरडीएनए ओरिजिन असं वाचलं, मी अर्थ सांगितला, की हे जीन बदललेल्या जंतूंकडून बनवून घेतलंय, थोडा वेळ गप्प बसली, आणि मग विचारलं, "म्हणजे ते जंतू रोज अंगात जातात का गं?"

हा प्रश्न मला फार आवडला कारण खरा मुद्दा तिथेच आहे. नाही जात. कारखान्यात जिवाणू मारून टाकतात, त्यातलं प्रथिन वेगळं काढून शुद्ध करतात, बाटलीत ना जिवाणू उरतो ना त्याचा जीन. जीएम मका खाल्ला तर मात्र बदललेला जीन आणि त्याने बनवलेलं प्रथिन दोन्ही पोटात जातात. आपण रोज खातो त्या प्रत्येक भाजीपाल्यात, धान्यात डीएनए असतोच आणि तो पचून जातो, हाही तसाच पचतो, पण नवीन प्रथिन पोटात जातंय तर त्याची चाचणी वेगळी व्हायलाच पाहिजे. म्हणून "इन्सुलिन चालतं ना, मग सगळं जीएम चालतं" असं जे म्हणतात ते मला पटत नाही. इन्सुलिनचं सर्टिफिकेट मक्याला लागू पडत नाही.

मक्याचं स्वतःचं सर्टिफिकेट चांगलंय, आणि ते अशा कारणासाठी जे कुठल्या जाहिरातीत येत नाही. बीटी म्हणजे बॅसिलस थुरिंजिएन्सिस, मातीत राहणारा जिवाणू. त्याच्या एका प्रथिनाचा जीन मक्यात घातलाय. अळीने पान कुरतडलं की ते प्रथिन तिच्या आतड्यातल्या ठरावीक जागांना चिकटतं, आतड्याला भोकं पडतात, अळी मरते. माणसाच्या आतड्यात त्या जागा नसतात आणि आपल्या पोटातल्या आम्लात ते प्रथिन इतर प्रथिनांसारखंच तुटतं. बरं, अळी मेली याचा खाणाऱ्याच्या तब्येतीशी काय संबंध? संबंध असा की अळीने दाणा पोखरला की त्या भोकातून फ्युझेरियम बुरशी आत शिरते आणि ती फ्युमोनिसिन नावाचं विष बनवते. ते दिसत नाही, शिजवून पुरतं जात नाही, घोड्यांना ते मेंदूचा आजार देतं, डुकरांच्या फुफ्फुसात पाणी भरतं, आणि माणसासाठी आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने त्याला कॅन्सरच्या "शक्य आहे" या गटात टाकलंय. गर्भातल्या बाळाच्या मज्जारज्जूची नळी नीट बंद न होण्याशीही त्याचा संबंध जोडला गेलाय, कारण ते फोलेट हे व्हिटॅमिन पेशीत जाण्याच्या वाटेत अडथळा आणतं.

२०१८ मध्ये १९९६ ते २०१६ या २१ वर्षांतल्या शेतातल्या चाचण्यांचे आकडे एकत्र करून एक विश्लेषण प्रसिद्ध झालं, त्यात जीएम मक्यात बुरशीची विषं एकूण २८.८ टक्क्यांनी कमी निघाली आणि फ्युमोनिसिन ३०.६ टक्क्यांनी. ज्यांच्या जेवणात दिवसातून दोन-तीनदा मकाच असतो त्यांच्यासाठी हा फार मोठा फरक आहे. यात कुणी व्हिटॅमिन घातलेलं नाही, चव बदललेली नाही, फक्त जे विष पोटात जाणार होतं त्यातलं काही गेलंच नाही.

मग एक स्टार का कापला? कारण अफ्लाटॉक्सिन, जे फ्युमोनिसिनपेक्षाही वाईट आणि यकृताचा कॅन्सर करतं हे पक्कं सिद्ध झालेलं, ते वेगळ्या बुरशीचं असतं आणि त्यावर बीटीचा असा भरवशाचा परिणाम मिळत नाही. मका नीट न वाळवता ओल्या कोठारात भरला तर जीएम असो नाहीतर नसो, बुरशी येणारच. आणि हा फायदा पाकिटावर कुठे लिहिलेला नसतो त्यामुळे घेणाऱ्याला काही कळत नाही.

इथेच फवारणीचं बोलून घेते. अळीरोधक पिकामुळे कीटकनाशक कमी मारावं लागलं तर पहिला फायदा होतो तो पाठीवर पंप घेऊन फिरणाऱ्या माणसाच्या तब्येतीला, आणि बांगलादेशात २०१४ पासून लावत असलेल्या बीटी वांग्याच्या अभ्यासांत फवारण्या कमी झाल्याचं दिसलंय. पण दुसऱ्या बाजूला तणनाशक सहन करणारी जीएम पिकं आहेत, त्यांच्यात खाणाऱ्याच्या तब्येतीला मिळण्यासारखं काहीच नाही, तो गुण शेतातल्या तणासाठी घातलाय. त्यांच्यावर मारतात ते ग्लायफोसेट, त्याला २०१५ मध्ये त्याच कर्करोग संस्थेने "बहुधा कॅन्सरकारक" म्हटलं आणि अमेरिकेच्या व युरोपच्या नियामकांनी आपापल्या तपासणीत तसं मानलं नाही. वाद चालू आहे. आरोग्याच्या रिव्ह्यूमध्ये या पिकांना स्टार द्यायला मला जागाच सापडत नाही.

आता गोल्डन राइस, ज्याच्यावर सगळ्यात जास्त भांडणं होतात. भाताच्या पानांत बीटा कॅरोटीन (शरीर ज्याचं व्हिटॅमिन ए बनवतं ते) बनतं पण आपण खातो त्या पांढऱ्या दाण्यात बनत नाही. इंगो पोट्रिकुस आणि पीटर बायर यांनी २००० मध्ये तो बंद पडलेला रस्ता दाण्यात परत चालू करून दाखवला, पहिल्या आवृत्तीत डॅफोडिल फुलाचा एक जीन होता आणि कॅरोटीन अगदीच नावाला होतं. २००५ मध्ये डॅफोडिलच्या जागी मक्याचा जीन आला आणि एका ग्रॅम दाण्यात ३७ मायक्रोग्रॅमपर्यंत कॅरोटिनॉइड मिळाले, आधीच्या तेवीस पट. ते शरीरात गेल्यावर व्हिटॅमिन ए मध्ये किती बदलतं हेही मोठ्या माणसांवर मोजलं गेलं, २००९ चा अभ्यास आहे, साधारण ३.८ भाग कॅरोटीनमधून १ भाग व्हिटॅमिन ए मिळालं, हा दर भाज्यांपेक्षा बराच चांगला. आणि बीटा कॅरोटीनची एक मोठी सोय अशी की शरीर लागेल तेवढंच बदलून घेतं, थेट व्हिटॅमिन ए चा डोस जास्त झाला तर जो त्रास होतो तो इथे होत नाही.

हे सगळं कशासाठी, तर जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज सांगतो की व्हिटॅमिन ए कमी पडून वर्षाला अडीच ते पाच लाख मुलांची दृष्टी जाते आणि त्यातली निम्मी वर्षभरात दगावतात. आंधळेपणा तर आहेच, पण गोवर आणि जुलाब यांच्यापुढे अशा मुलाचा टिकाव लागत नाही. हा आकडा वाचून कुणी तांदळाच्या रंगावरून थट्टा करायला लागलं की माझा संताप होतो.

पण मी अट म्हटली होती ना. पहिली म्हणजे कॅरोटीन तेला-तुपाशिवाय नीट शोषलं जात नाही, ज्या मुलाच्या ताटात नुसता भातच आहे त्याला थोडी चरबी पण मिळायला हवी. दुसरी, साठवून ठेवलेल्या तांदळातलं कॅरोटीन हवेने, उन्हाने कमी होत जातं, वर्षभर पोत्यात ठेवायचं धान्य असेल तर हा मुद्दा लहान नाही. तिसरी, अमेरिकेच्या एफडीएने २०१८ मध्ये हा तांदूळ सुरक्षित मानला पण त्याच वेळी असंही लिहिलं की त्यातलं कॅरोटीन पाकिटावर पोषणाचा दावा छापता येईल एवढं नाहीये. विरोधक हे वाक्य नाचवतात. पण जिथे लोक दिवसातून तीन वेळा भातच खातात तिथलं गणित आणि जिथे आठवड्यातून एकदा खातात तिथलं गणित एक कसं असेल? ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडने २०१७ मध्ये, कॅनडाने २०१८ मध्ये खायला मान्यता दिली, आणि फिलिपिन्सने २०२१ मध्ये लागवडीला परवानगी दिली ती २०२४ मध्ये तिथल्या कोर्टाने थांबवली.

आणि एक ओरखडा या प्रॉडक्टवर कायमचा आहे. चीनमध्ये शाळेतल्या मुलांना हा भात देऊन एक अभ्यास झाला, २०१२ मध्ये छापून आला, आणि २०१५ मध्ये नियतकालिकाने मागे घेतला कारण आईबापांची नीट संमती घेतल्याचा पुरावा नव्हता, हे जीएम आहे असं त्यांना सांगितलंच नव्हतं. आकडे कितीही चांगले असोत, दुसऱ्याच्या मुलाच्या ताटात न सांगता काही वाढायचं नसतं! मूळ गरज खरी, विज्ञान खरं, आणि असल्या एका वागण्याने किती वर्षांचा विश्वास घालवला. तरीही ४ देतेय, कारण व्हिटॅमिन ए च्या कॅप्सूल दर चार-सहा महिन्यांनी घरोघरी पोचवाव्या लागतात, त्या उपयोगी आहेत आणि चालू राहायलाच हव्यात, पण बियाणं एकदा शेतकऱ्याकडे गेलं की पुढचं तो स्वतः पेरू शकतो.

हाय ओलेइक सोयाबीन तेल. साध्या सोयाबीन तेलात ओलेइक आम्ल (ऑलिव्ह तेलात भरपूर असतं ते फॅट) २३-२४ टक्के असतं आणि ते तेल लवकर खवट होतं, म्हणून कंपन्या त्यात हायड्रोजन घालून घट्ट करायच्या आणि त्यातून ट्रान्स फॅट यायचं, जे हृदयाला सरळ सरळ घातक. अमेरिकेत २०१५ मध्ये एफडीएने असलं अर्धवट हायड्रोजन घातलेलं तेल सुरक्षित मानणं बंद केलं. नवीन सोयाबीनमध्ये ओलेइक आम्ल ७० टक्क्यांच्या वर नेलंय त्यामुळे तेल आपसूकच टिकतं. २०१८ मध्ये ७० टक्क्यांहून जास्त ओलेइक असलेल्या तेलांना हृदयविकाराचा धोका कमी होऊ शकतो असं लिहायची परवानगी मिळाली पण शब्द बघा, पुरावा "पूरक पण निर्णायक नाही", आणि रोज दीड टेबलस्पून जास्त संपृक्त फॅटच्या जागी घ्यायचं, वरून नाही. बरं हाच फायदा ऑलिव्ह तेलात किंवा साध्या निवड पद्धतीने तयार केलेल्या हाय ओलेइक सूर्यफुलात पण मिळतो. चांगलं तेल आहे, एकमेव नाही. साडेतीन.

बटाट्याचं थोडक्यात. १२० डिग्रीच्या वर तळला-भाजला की त्यातलं अ‍ॅस्परॅजिन आणि साखर मिळून अ‍ॅक्रिलामाइड बनतं, त्याने कॅन्सर होऊ शकतो असा संशय आहे, नवीन बटाट्यात अ‍ॅस्परॅजिन कमी केलंय म्हणून ते निम्म्याहून कमी बनतं. छान. पण तळलेला बटाटा शेवटी तळलेला बटाटाच, तेल आणि मीठ तेवढंच, आणि फिक्या सोनेरी रंगावर बाहेर काढला तर साध्या बटाट्यातही बरंच कमी करता येतं. न काळवंडणारं सफरचंद तर आरोग्याच्या यादीत मी धरतच नाही, वाया कमी जातं आणि मुलं कापलेल्या फोडी खातात एवढंच.

जांभळा टोमॅटो. इंग्लंडमधल्या जॉन इन्स सेंटरमध्ये कॅथी मार्टिन यांच्या टीमने स्नॅपड्रॅगन फुलाचे दोन जीन टोमॅटोत घातले आणि तो आतून बाहेरून गडद जांभळा झाला, अँथोसायनिन या जांभळ्या रंगद्रव्याने गच्च. २००८ मध्ये आलेल्या अभ्यासात लवकर कॅन्सर होणाऱ्या खास जातीच्या उंदरांना खाद्यात १० टक्के या टोमॅटोची पावडर दिली तेव्हा ते सरासरी १४२ ऐवजी १८२ दिवस जगले. २०२२ मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याने हिरवा कंदील दिला, २०२४ मध्ये घरी लावायला बिया विकायला आल्या. आता हे १८२ दिवस सगळीकडे फिरतात. पण ते उंदीर ज्या जीनशिवाय जन्माला घातलेत तो नसलेली माणसं आपण नाही, आणि आहाराचा दहावा भाग वाळवलेली टोमॅटो पावडर रोज कोण खातं? माणसात कॅन्सर कमी झाल्याचा पुरावा नाही. भाजी म्हणून मस्त असेल, औषध म्हणून २. जपानमध्ये २०२१ मध्ये आलेला जीन एडिट केलेला गाबा टोमॅटो याच रांगेतला, त्यात गाबा हे अमिनो आम्ल चार-पाच पट आहे आणि रक्तदाबावर बोलतात, पण बीपीची गोळी चालू असेल तर टोमॅटोच्या भरवशावर ती सोडू नका, प्लीज.

त्यापेक्षा ज्याचं नाव कुणी ऐकलेलं नसतं ते गॅलसेफ डुक्कर मला जास्त महत्त्वाचं वाटतं. काही लोकांना गोचीड चावल्यानंतर अल्फा-गॅल या साखरेची अ‍ॅलर्जी होते आणि लाल मांस खाल्लं की काही तासांनी अंगावर गांधी उठण्यापासून ते श्वास अडकण्यापर्यंत काहीही होऊ शकतं. जीन बदलल्यामुळे या डुकरात ती साखरच बनत नाही. २०२० च्या डिसेंबरमध्ये एफडीएने त्याला अन्न आणि औषध दोन्हीसाठी मान्यता दिली. फायदा मोजक्याच लोकांना, पण अगदी नेमका.

आता साइड इफेक्ट, कारण त्याशिवाय रिव्ह्यू अपुरा. जीएममुळे नवीन अ‍ॅलर्जी येऊ शकते का? येऊ शकते, आणि ते घडता घडता राहिलंय. जनावरांच्या खाद्यासाठी सोयाबीनचं पोषण वाढवायला त्यात ब्राझील नटचा जीन घातला होता, चाचणीत दिसलं की ब्राझील नटची अ‍ॅलर्जी असलेल्यांचं रक्त त्या सोयाबीनला पण रिअ‍ॅक्ट होतंय, १९९६ मध्ये ते छापून आलं आणि प्रॉडक्ट बाजारात आलंच नाही. मला यात भीती पण दिसते आणि दिलासा पण, धोका खरा होता आणि चाचणीने तो पकडला. उलट २०१२ मध्ये जीएम मका खाल्लेल्या उंदरांना मोठमोठ्या गाठी आल्याचे फोटो आले होते ना, ज्यांनी जगभर घबराट झाली, त्यात एका गटात फक्त दहा उंदीर होते आणि त्या जातीला म्हातारपणी गाठी तशाही येतात, २०१३ मध्ये तो पेपर त्या नियतकालिकाने मागे घेतला. २०१६ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने ९०० हून जास्त अभ्यास तपासले, जिथे जीएम खूप खातात ती अमेरिका-कॅनडा आणि जिथे फारसं खात नाहीत तो पश्चिम युरोप यांच्या आजारांची तुलना केली, आणि बाजारातल्या जीएम अन्नाने जास्त धोका होतो असा पक्का पुरावा सापडला नाही. त्यांनी असंही सांगितलं की पद्धतीवर न जाता प्रत्येक नवीन वस्तू तिच्या गुणांवर तपासा.

लेबल मात्र अजून पद्धतीवरच अडकलंय. युरोपमध्ये एखाद्या घटकात ०.९ टक्क्यांच्या वर जीएम असेल तर लिहावं लागतं, अमेरिकेत २०२२ पासून "बायोइंजिनिअर्ड" असं लिहिणं सक्तीचं झालं, पण जीन कुठून घेतला, कशासाठी घेतला, हे त्या एका शब्दातून कसं कळणार? मला पाकिटावर हे हवंय: अळीरोधक मका आहे का तणनाशक सहन करणारा, नवीन प्रथिन कुठल्या जीवातलं आहे, त्या लॉटमध्ये फ्युमोनिसिन किती निघालं. अ‍ॅलर्जी असलेल्या माणसाला यातली दुसरी ओळ हवी असते, पोटुशी बाईला तिसरी. तोपर्यंत कुणी "जीएम आहे" एवढंच सांगून काही विकत असेल किंवा घाबरवत असेल तर त्याला विचारा, कुठलं पीक, कुठला गुण, आणि माणसांवर काय दिसलंय.